वर्गात येऊन शिक्षकाशेजारी बसणारा माणूस द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक)
मा. गटविकास अधिकारी व गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, बारामती आणि इंदापूर
तसेच दोन्ही तालुक्यांतील साखर कारखान्यांची संचालक मंडळे, औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी पाहणारे अधिकारी आणि सर्व गावांचे सरपंच

विषय : साध्या शाळांतील दिव्यांग मुलांच्या शिक्षकांना वर्गात जाऊन साथ देणाऱ्या मार्गदर्शकांसाठी निधी मिळण्याबाबत



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या आणि संस्थांच्या शाळांत दिव्यांग मुले येतात. त्यांची नावे पटावर असतात, त्यांना गणवेश मिळतो, पोषण आहार मिळतो, वर्ष संपले की ती वरच्या वर्गात जातात. पण पाठ चालू असतो तेव्हा त्यांतली बरीच मुले पाठाच्या बाहेर बसलेली असतात. हे पत्र त्या मुलांसाठी आहे. तितकेच ते त्यांच्या शिक्षकांसाठीही आहे, कारण आजवर जी मदत आली ती मुलाच्या नावाने आली आणि मुलाच्या हातात पडली. शिक्षकाला मात्र कोणी विचारले नाही की बाई, उद्या सकाळी तुम्ही या मुलाला नेमके काय शिकवणार आहात?

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझी नोकरी या दोन तालुक्यांत झाली. सुपे-मोरगावकडचा जिरायत पट्टा, नीरा डाव्या कालव्याखालची बागायत, उजनीच्या फुगवट्याकाठी मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्या, अशा सगळ्या तऱ्हेच्या गावांतून मी मुले शिकवली. गावागावांतल्या सुबत्तेत मोठा फरक होता. दिव्यांग मुलाची वर्गातली जागा मात्र मला सगळीकडे जवळपास सारखीच दिसली. एक तर शेवटची रांग, नाही तर बाईंच्या टेबलाजवळ, हातात रंगखडू देऊन बसवलेले. कमी दिसणारा मुलगा फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो, आणि शेजारी चुकला की तोही चुकतो. श्रवणयंत्र मिळालेली मुलगी ते डबीतच ठेवते, कारण बॅटरी संपली आहे किंवा कानातला साचा आता लहान पडतो आहे, आणि वर्गाचा गलका त्या यंत्रातून नुसता त्रास होऊन कानावर आदळतो. चौथीतल्या एखाद्या मुलीला अजून दहापर्यंतच्या वस्तू मोजता येत नाहीत. तिला चित्र रंगवायला दिलेले असते, आणि पहिलीपासून ती चित्रच रंगवत आलेली असते.

यात शिक्षक निष्ठुर असतात असे कृपा करून समजू नका. द्विशिक्षकी शाळेत एका बाईंकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असतात. त्यातच ऑनलाइन माहिती भरणे, मतदार यादीचे काम आणि पोषण आहाराचा हिशोब असतो. डी. एड. करताना दिव्यांगत्वावर एखादे प्रकरण वाचलेले असते, परीक्षेपुरते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या हातात पेन्सिल टिकत नाही, त्याला काय करायचे, हे त्या प्रकरणात नसते. बाईंना वाईट वाटते, आणि वाईट वाटूनही काही करता येत नाही, म्हणून हळूहळू त्या मुलाकडे बघणेच कमी होते. हे मी शिक्षकखोलीत, मधल्या सुटीत, कितीतरी जणींच्या तोंडून ऐकले आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांग आणि इतर मुलांना एका खोलीत बसवले की समावेशित शिक्षण झाले, असे तो म्हणत नाही. शिकण्याची आणि शिकवण्याची पद्धतच या मुलांच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतलेली असली पाहिजे, असे त्याच्या व्याख्येत आहे. कलम १७ मध्ये तर शाळेच्या सर्व स्तरांवर समावेशित शिक्षणाला साहाय्य करणारे तज्ज्ञ आणि कर्मचारी प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. शिक्षकाला साथ देणारा माणूस कायद्याने असा आधीच मागून ठेवला आहे. मी नवीन काही मागत नाही.

पैसाही अजिबात येत नाही असे नाही. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. आपल्या भागात श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, कॅलिपर देणारी शिबिरे भरली आणि त्यांचा शेकडो घरांना उपयोग झाला. प्रमाणपत्रांसाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी शिबिरे होतात. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपवर शिक्षक मुलांची प्राथमिक तपासणी करून नोंदी भरतात. ही सगळी कामे हवीतच. पण नोंद झाली, कार्ड आले, यंत्र मिळाले, आणि पुढच्या सोमवारी मूल पुन्हा त्याच शेवटच्या रांगेत जाऊन बसले, तर त्याच्या शिकण्यात काय बदलले? त्या सोमवारी वर्गात येणारा कोणी नसतो.

असा माणूस आला तर नेमके काय करील, ते जरा सविस्तर सांगते. कारण ‘मार्गदर्शक’ म्हटले की आपल्याकडे माईकवर बोलणारा पाहुणा डोळ्यांसमोर येतो. हा माणूस पंधरा दिवसांतून एक पूर्ण दिवस शाळेत असेल. सकाळी तो वर्गात मागे बसून पाहील: मूल कधी गुंतते, कधी सुटते, कोणत्या सूचनेला गोंधळते. पहिल्या दिवशी तो काही शिकवणार नाही. शाळा सुटल्यावर बाईंबरोबर बसेल आणि दोघे मिळून एकच बदल ठरवतील. अल्पदृष्टी मुलाला पहिल्या रांगेत, खिडकीची तिरीप फळ्यावर पडणार नाही अशा बाजूला बसवायचे, फळ्यावर लिहिताना मोठ्याने उच्चारायचे, त्याच्या वहीतल्या रेघा जाड काळ्या पेनने आखायच्या. यासाठी पैसे लागत नाहीत. फक्त हे करायचे असते हे कोणी तरी सांगावे लागते आणि पंधरा दिवसांनी येऊन विचारावे लागते की जमले का.

ऐकू कमी येणाऱ्या मुलीच्या वर्गात तो बाईंना सांगेल की फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला तुमचे ओठ दिसू द्या. एका वेळी एकच मूल बोलेल असा नियम सगळ्या वर्गाला लावा; त्याचा फायदा बाकीच्या मुलांनाही होतो. यंत्राची बॅटरी कुठे मिळते, साचा कधी बदलायचा, बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात कोणाला भेटायचे, हे तो आई-वडिलांना सांगेल आणि न कंटाळता पाठपुरावा करील. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीसाठी, वर्ग तीन अंकी बेरीज करत असताना तिने त्याच तासाला, त्याच गटात बसून चिंचोके मोजायचे आणि दहाचे गठ्ठे करायचे, असा पाठ तो बाईंबरोबर तयार करील. रंगखडूंची पेटी तेव्हा बाजूला ठेवता येईल. अस्वस्थ होऊन वर्गाबाहेर पळणाऱ्या स्वमग्न मुलासाठी दिवसाचे वेळापत्रक चित्रांत करून भिंतीवर लावेल, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला दिसत राहील. उताराचा रस्ता आहे पण इतका उभा की चाकाची खुर्ची चढतच नाही, दिव्यांगांचे स्वच्छतागृह आहे पण त्यात झाडू-बादल्या ठेवल्या आहेत, अशा गोष्टी तो मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालील. समितीच्या बैठकीत हे बोलायला पालक कचरतात. बाहेरून आलेल्या माणसाला ते सोपे जाते.

माध्यमिक शाळांची गत तर आणखी अवघड आहे. दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक आणि इतर सवलती मिळतात. त्यासाठी मंडळाकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो. लेखनिकाला सांगून उत्तर लिहून घेणे हेही एक कौशल्य आहे, ते आठवी-नववीपासून सरावाने यावे लागते. अध्ययन अक्षमता म्हणजे काय हे हायस्कूलमधल्या कित्येक विषयशिक्षकांना माहीत नसते; ‘आळशी आहे’ म्हणून मुलगा नापास होत राहतो आणि नववीनंतर कामाला लागतो. वर्गाबाहेर त्याची कुठे नोंदही राहत नाही.

आणि ऊसतोड मजुरांची मुले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगरच्या कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतही न चालणारे, न बोलणारे मूल असते. आई पहाटे फडात जाते तेव्हा ते मोठ्या बहिणीच्या अंगावर पडते, आणि मग बहिणीचीही शाळा सुटते. अशा मुलाचे नाव गावाकडच्या पटावर असते आणि इथे त्याला कोणी ओळखत नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच कोप्यांवर फिरून अशी मुले शोधणे, त्यांना जवळच्या शाळेत आणणे, हंगाम संपला की त्यांची माहिती त्यांच्या गावच्या शाळा-केंद्राला कळवणे, हे काम कोणाच्या तरी अंगावर नेमून दिल्याशिवाय होत नाही. माझ्या मागणीत हे काम पहिल्या दिवसापासून धरलेले आहे.

प्रशिक्षणे होतात की, असे तुम्ही म्हणाल. होतात. हॉलमध्ये दीडशे शिक्षक, पडद्यावर सादरीकरण, दुपारी जेवण, शेवटी फोटो. तुम्हा साखर कारखान्याच्या लोकांना मी वेगळे काय सांगू? एकरी उतारा वाढवायचा तेव्हा तुम्ही शेतकऱ्याला पुस्तिका छापून देऊन थांबत नाही. तुमच्याकडे शेतकी खाते असते. त्याची माणसे बांधावर जातात, बेणे पाहतात, सरीतले अंतर पाहतात, महिन्याने पुन्हा येतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने हेच केले. अलीकडे ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला, त्यालाही शेवटी शेतकऱ्याच्या शेतात उतरून समजावून सांगणारी माणसे लागलीच. ‘कृषिक’ प्रदर्शन पाहायला राज्यभरातून लोक बारामतीला येतात. शेतीत ज्या गोष्टीची किंमत या भागाला इतकी नीट कळली, ती शाळेत कळायला अवघड जाऊ नये.

नदी ओलांडून पलीकडे गेले की फलटण लागते. तिथे मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. ज्यांचे नाव त्या शाळेला दिले आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन. लग्न करून त्या इथल्या झाल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली. दिव्यांग माणसाने आपले जेवण, कपडे, लिहिणे, काम स्वतः करावे, आणि त्यासाठी त्याच्याबरोबर बसून एकेक हालचाल सोपी करून देणारा शिकलेला माणूस हवा, हा विचार त्यांनी या देशात रुजवला. त्यानंतर पाऊण शतक होत आले. त्यांच्या नावाची शाळा आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि आपल्या तालुक्यातल्या बाईला विचारायला मात्र कोणी नाही, याची मला खंत वाटते.

आता शासनाने केलेल्या एका चांगल्या गोष्टीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात सांगितले की साध्या शाळांत प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असला पाहिजे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना ही पदे जाहीर करायला मुदत घालून दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, म्हणजे शाळांच्या दर केंद्रामागे एक. वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटावर, दुचाकीवर वाड्यावस्त्या फिरलेल्या विशेष शिक्षकांना यातून न्याय मिळतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनीच आजवर ही बाजू लावून धरली.

पण पद निर्माण होणे निराळे आणि त्या माणसाला त्याचे काम करू देणे निराळे. केंद्रातल्या सगळ्या शाळा, मुलांची प्रमाणपत्रे, शिबिरांच्या याद्या, ॲपवरच्या नोंदी, घरी राहूनच शिकणाऱ्या बहुविकलांग मुलांच्या भेटी आणि वर गटसाधन केंद्रातले येईल ते काम, हे सगळे एकाच विशेष शिक्षकावर टाकले तर तो शाळेत येईल, मुलाचे नाव लिहील, सही घेईल आणि पुढच्या शाळेला जाईल. वर्गात मागे बसायला त्याला तास मिळणार नाही. म्हणून माझी मागणी दोन पदरी आहे: आहेत त्या विशेष शिक्षकांना कारकुनीतून सोडवा, आणि जिथे पद रिकामे आहे किंवा एकट्याने भागत नाही तिथे स्थानिक निधीतून मार्गदर्शक नेमा.

खर्चाचा माझा अंदाज साधा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या, विशेष शिक्षणात बी. एड. झालेल्या माणसाला दरमहा ३५ हजार रुपये मानधन आणि ५ हजार रुपये प्रवासखर्च धरला तर वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये होतात. एका मार्गदर्शकाकडे दहा शाळा द्याव्यात. मग प्रत्येक शाळेला महिन्यातून दोन दिवस मिळतात आणि उरलेले दिवस शिक्षण परिषदेसाठी, पालकांसाठी, कोप्यांवर जाण्यासाठी राहतात. दोन्ही तालुके मिळून दहा मार्गदर्शक नेमले तर शंभर शाळा होतात आणि वर्षाचा खर्च ४८ लाख रुपये येतो. तीन वर्षांची हमी द्यायची म्हटली तर १ कोटी ४४ लाख. तीन वर्षांपेक्षा कमी काळासाठी मात्र हे सुरू करू नका. पहिले वर्ष शिक्षकाचा विश्वास मिळवण्यातच जाते, आणि अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस नवव्या महिन्यात दुसरी नोकरी शोधू लागतो.

पैसे कुठून आणायचे? दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे ५० पैसे बाजूला ठेवले तर ५ लाख रुपये होतात; एका मार्गदर्शकाचा वर्षाचा खर्च निघून साहित्यालाही थोडे उरतात. हे सर्वसाधारण सभेपुढे ठेवून, सभासदांच्या संमतीने करावे, आणि ज्या कारखान्याची आर्थिक ओढाताण चालू आहे त्याच्याकडून अपेक्षा धरू नये. कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ आहे: ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आणि ती करताना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे. अनुसूची सातमध्ये विशेष शिक्षणाचा उल्लेख स्पष्ट आहे. बारामती आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना माझी विनंती आहे की शाळेला रंग आणि संगणक देऊन झाले असतील, तर आता एका माणसाचे तीन वर्षांचे वेतन द्या. त्यावर नावाची पाटी लावता येत नाही हे खरे. त्याचा अहवाल मात्र सर्वांत भरभक्कम होईल.

ग्रामपंचायतींकडे आणि जिल्हा परिषदेकडे स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी असतो. मार्च जवळ आला की तो वस्तूवाटपात संपतो. गरजू प्रौढांच्या हक्काला धक्का न लावता त्यातला एक भाग दहा-बारा गावांनी एकत्र काढला तर एका मार्गदर्शकाचा प्रवासखर्च आणि शाळांचे साहित्य त्यातून निघेल. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनेतला किमान १ टक्का निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवण्याचे जाहीर झाले. जिल्हाधिकारी साहेब, पुणे जिल्ह्याची योजना राज्यातल्या मोठ्या योजनांपैकी एक आहे. त्या एका टक्क्यातून बांधकाम आणि खरेदीच्या आधी या दहा माणसांचा विचार व्हावा.

ही मुले विशेष शाळेत का घालत नाही, असे अजूनही विचारले जाते. काही मुलांना विशेष शाळेची गरज असते आणि ती चांगली चालली पाहिजे. पण निमसाखरच्या किंवा लोणी भापकरच्या मुलाला दहाव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात धाडणे, ही त्याच्या आईपुढची एकमेव वाट असू नये. गावातल्या भावंडांबरोबर शिकलेले मूल पुढे त्याच गावात दुकान चालवते, दूध संस्थेत काम करते, ग्रामसभेत बोलते. इतर मुलांचा अभ्यास मागे पडेल ही भीती मी पालकांकडून पुष्कळ वेळा ऐकली आहे. एका वेळी एक सूचना देणारी, चित्र काढून सांगणारी, हाताने करून दाखवणारी बाई वर्गातल्या प्रत्येकच मुलाला हवी असते.

हिशोब कसा ठेवायचा तेही आधीच ठरवा. किती भेटी झाल्या, किती फोटो काढले, यावर मार्गदर्शकाचे काम मोजू नका. दर सत्राच्या शेवटी तीन गोष्टी पाहा: वर्षारंभी ठरवलेल्यापैकी मूल काय शिकले, बाई आता पाठात काय वेगळे करतात, आणि आई-वडिलांना मुलात काय फरक दिसतो. मार्गदर्शकाच्या हातात शाळेचा शेरा लिहिण्याचा अधिकार देऊ नका. तपासणीला आलेल्या माणसापुढे शिक्षक आपली अडचण बोलत नाही, लपवतो.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दोन्ही पंचायत समित्यांनी केंद्रनिहाय यादी करून गटसाधन केंद्राच्या फलकावर लावावी: कोणत्या शाळेत किती दिव्यांग मुले, कोणत्या केंद्रात विशेष शिक्षक आहे, कुठे नाही. मुलांची नावे नकोत, संख्या पुरे. त्या यादीवरून पहिल्या शंभर शाळा निवडता येतील, आणि जिरायत पट्टा व उजनीकाठ त्यात आधी यावा. मग जिल्हाधिकाऱ्यांनी कारखाने, कंपन्या, जिल्हा परिषद आणि पालकांचे प्रतिनिधी यांची एक बैठक बारामतीत घ्यावी आणि दहा माणसांचा खर्च कोणी किती उचलायचा ते त्याच बैठकीत लिहून ठरवावे. मार्गदर्शकांची निवड करताना मुलाखतीबरोबर त्यांना एखाद्या वर्गात अर्धा दिवस बसवून पाहावे. दोन्ही तालुक्यांत माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. हे पाहण्यासाठी, नव्या माणसाला वाडीवस्तीची ओळख करून देण्यासाठी आम्ही विनामोबदला येऊ. बैठकीची तारीख तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बारामती